परसबाग

परसबाग : घरालगतच्या जागेत घरापुरता भाजीपाला, रोजच्या फोडणी-वाटणाची पाने आणि एखाददुसरे फळझाड लावण्याची पद्धत. ‘परस’ म्हणजे घराची मागची बाजू. तिकडे उघडणारे ते परसदार. (घरात शौचालये नव्हती त्या काळात ‘परसाकडे जाणे’ या शब्दांना वेगळाच अर्थ आला, बागेच्या नावाला त्याची झळ लागली नाही.) कोकणात या जागेला परडेही म्हणतात.

जुनी परसबाग मुद्दाम आखलेली नसे. मोरीचे पाणी जिकडे वाहून जाई तिकडे अळू आणि केळ, गोठ्याच्या कडेला शेणखतावर भोपळ्याचा वेल, कुंपणावर वाल, घेवडा, दाराशी कढीपत्ता. मांडवावरून लोंबणारे पडवळ वेटोळे होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधत, अजूनही बांधतात. मिरची, टोमॅटो, लाल भोपळा ही मंडळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीज येऊ लागल्यानंतरच्या काळात इकडे रुजलेली. वांगी, दुधी, पडवळ, कारली, वाल त्यांच्या आधीपासूनची. ही बाग घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, राखेवर, सालीदेठांवर पोसली जाई आणि भांडी घासायला, सरपण आणायला दिवसातून दहादा त्या बाजूला जाणे होई. पानामागची अळी वेळेत दिसे ती त्यामुळे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने जागा निवडताना हेच आधी पाहावे. स्वयंपाकघरातून चार पावलांवर असलेल्या दोन कुंड्या सहाव्या मजल्यावरच्या गच्चीतील वीस कुंड्यांपेक्षा जास्त टिकतात. दुसरी गोष्ट ऊन. फळभाज्यांना दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागते. पालेभाज्यांचे चारेक तासांत भागते. गॅलरी दक्षिणेकडची असली तर हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते, पण मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि तीच गॅलरी सावलीत जाते. डिसेंबरात ऊन पाहून जागा ठरवणारे इथे फसतात.

गच्चीवर बाग करताना मातीच्या वजनाचा विचार हवा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर खोल वाफ्यातील ओली माती सुमारे 500 किलो भरते. म्हणून शहरी बागेत मातीचे प्रमाण कमी ठेवून वाळलेला पालापाचोळा, नारळाचा भुसा, रसवंतीवर मिळणारी उसाची चिपाडे आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांचे थर रचतात. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या अभ्यासगटाने पालापाचोळ्यापासून सकस माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रात पसरवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग खाली शिजणाऱ्या अन्नाच्या कचऱ्यावर वाढली. म्हणजे मोरी, गोठा नसला तरी परसाचे तत्त्व तेच. जमिनीवर लावायचे असेल तर मातीचा स्वभाव ओळखावा. देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते, तिथे वाफे उंच करावेत. कोकणातील तांबड्या मातीतून पाणी झटकन निघून जाते, तिला शेणखत आणि आच्छादन सढळ हाताने द्यावे.

पहिले पीक मेथीचे घ्यावे. ती चार-पाच दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत खुडायला येते आणि चुकले तरी मूठभर दाण्यांचेच नुकसान. सोबत लाल माठ (गोव्यातील तांबडी भाजी) आणि पालक. कोथिंबिरीचे धणे लावण्याआधी चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्या लागतात, नाहीतर उगवण रडतखडत होते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात ती पानांऐवजी फुलावर येते. फळभाज्यांपैकी भेंडी आणि गवार बी थेट टोकून लावतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांची आधी रोपे करून चार-पाच आठवड्यांनी ती हलवायची असतात. प्रत्येक झाडाला फूटभर खोल कुंडी हवी. रंगाचा रिकामा डबा चालतो, तळाला भोके पाडली तर. वेलभाज्यांचे बी मृगाच्या सुमारास आळ्यात पडले की श्रावणात मांडव भरतो.

नवख्याच्या हातून झाडे जास्तीच्या पाण्याने मरतात. शेतकऱ्याकडे यासाठी ‘वाफसा’ हा नेमका शब्द आहे : मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही नांदतात ती स्थिती. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावे. माती बोटाला चिकटून चिखल होत असेल तर पाणी नको; गार लागून भुरभुरत असेल तर वाफसा आहे; कोरडी लागली तरच पाणी द्यावे. दाट उगवलेल्या रोपांची विरळणी करताना हात जड होतो, पण न उपटल्यास सगळीच खुरटतात. मेथी-माठाची उपटलेली रोपे कोशिंबिरीत जातात, हा दिलासा.

वेलभाज्यांबाबत तक्रार ठरलेली : फुले भरपूर, फळ एकही नाही. दुधी, दोडका, कारले, काकडी यांची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटभर लहानसे फळ आधीच दिसते. नर फुलाला नुसता देठ असतो. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात. मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातील पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावा. वेळ मात्र पाळावी लागते. कारले आणि घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, तर दोडका आणि दुधीची संध्याकाळी. दोडक्याच्या वेलाजवळ सकाळी ब्रश घेऊन उभे राहणाऱ्याच्या हाती मिटलेली फुले लागतात.

किडींमध्ये मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण हे नित्याचे पाहुणे. 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारतात. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडू लागली तर तो हळद्या. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूवर औषध नाही, झाड उपटून दूर टाकावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे वाण या रोगाला दाद न देणारे म्हणून निवडले गेले. कारल्यासाठी दापोलीच्या विद्यापीठाचे ‘कोकण तारा’ आहे.

बी घेताना पाकिटावर ‘संकरित’ आहे की ‘सुधारित’ हे वाचावे. संकरिताचे बी पुढच्या वर्षी लावले तर फळे आईबापासारखी येतीलच असे नाही. सुधारित किंवा गावठी वाणाचे एक चांगले फळ मात्र वेलावरच राखून ठेवतात. दोडका वाळून आत बिया खुळखुळू लागल्या की काढतात, बिया राखेत घोळवून बरणीत भरतात. आतली जाळी अंग घासायला उपयोगी पडते.