आयपी पत्त्यावरची लेबले आली कुठून?

सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच आयपी पत्त्यावरून लॉगिनचे शेकडो फसलेले प्रयत्न दिसले, की तीन प्रश्न ओळीने येतात. पत्ता कोणाचा? कुठला? आणि कसला, म्हणजे घरगुती ब्रॉडबँडचा, मोबाइलचा, डेटा सेंटरचा की व्हीपीएनचा? आजची साधने तिन्ही उत्तरे एकाच पडद्यावर दाखवतात. पण ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी केलेल्या नोंदींतून उचललेली असतात. कुठल्या उत्तरावर किती विसंबायचे हे ती नोंद कशासाठी सुरू झाली यावरून ठरते.

सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या दस्तऐवजाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजांची मालिका) आयपीव्ही४ ही पत्त्यांची पद्धत पक्की झाली. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते. त्यांचे ए, बी, सी हे वर्ग निव्वळ जाळ्याच्या आकारावरून पाडले होते: सी वर्गाच्या जाळ्यात २५६ पत्ते, बी मध्ये ६५,५३६. कोणावर भरवसा ठेवावा याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९९३ मध्ये सीआयडीआर ही हव्या त्या आकाराचे पट्टे पाडण्याची पद्धत आल्यावर हे वर्ग कालबाह्य झाले आणि /२४, /१६ अशी लिहिण्याची पद्धत रूढ झाली; तो आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जाळ्याचे, हे. अभ्यासक्रमांत ते अजून टिकून आहेत, फायरवॉलचे नियम लिहिताना मात्र त्यांचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो राखीव पट्ट्यांचा. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे पट्टे खासगी जाळ्यांसाठी बाजूला काढले. इंटरनेटकडून आत येणाऱ्या पॅकेटवर यातला पत्ता असेल तर ते पॅकेट सीमेवरच टाकून द्यायचे. हाच पट्टा ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये दिसला तर अर्थ वेगळा: तो बहुधा तुमच्याच लोड बॅलन्सरचा, म्हणजे येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्राचा, पत्ता असतो. त्यावर आपोआप बंदी घालणारा नियम लागला की सगळी साइट सगळ्यांसाठी बंद पडते. खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये मिळतो, पण त्यात डावीकडे काय लिहावे हे पाठवणाऱ्याच्या हातात असते. म्हणून उजवीकडून, आपल्याच प्रॉक्सीने (मधल्या सर्व्हरने) जोडलेला पत्ता तेवढा खरा धरायचा.

‘कोणाचा’ या प्रश्नासाठी हूइज ही नोंदी विचारण्याची सेवा १९८२ पासून आहे. नेटवर्क चालवणाऱ्यांनी अडचणीच्या वेळी एकमेकांना गाठावे, एवढाच तिचा हेतू होता. पुढे पत्तेवाटप खंडवार नोंदणीसंस्थांकडे गेले. आशिया-प्रशांतसाठी एपीएनआयसी आहे आणि तिच्या छत्राखाली भारतात आयआरआयएनएन. हूइजमध्ये दिसतो तो पट्टा ज्याच्या नावावर आहे तो धारक. त्या क्षणी पत्ता वापरणारा माणूस तिथे सापडत नाही.

या तीन प्रश्नांबरोबर येणारे ‘चांगला की वाईट’ हे लेबल आले स्पॅममुळे. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी आरबीएल ही स्पॅमशी संबंधित पत्त्यांची यादी सुरू केली. आधी ती राउटरना बीजीपीवरून (जाळी एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीने) दिली जाई आणि यादीतल्या जाळ्याशी संपर्कच तुटे. लवकरच तीच यादी डीएनएसवरून (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतून) विचारता येऊ लागली आणि ती पद्धत आजतागायत चालू आहे. २०३.०.११३.७ हा पत्ता तपासायचा असेल तर आकडे उलटे लिहून पुढे यादीचे नाव (इथे स्पॅमहाउस या संस्थेची झेन यादी) जोडायचे: ७.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग. उत्तर आले नाही तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ आले तर तो स्पॅमशी संबंधित म्हणून नोंदलेला, १२७.०.०.४ आले तर ते यंत्र बाधित असल्याची खूण, १२७.०.०.१० किंवा १२७.०.०.११ आले तर पत्ता पीबीएल या तिच्यातल्याच एका यादीत.

यातली पीबीएल हटकून चुकीची वाचली जाते. हा पत्ता ग्राहकाच्या जोडणीचा आहे, इथून थेट मेल निघणे अपेक्षित नाही, एवढेच ती सांगते. पुष्कळ पट्टे तर सेवापुरवठादारांनी स्वतःच तिच्यात नोंदवलेले असतात. साध्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर मांडणाऱ्या छोट्या कार्यालयाचे मेल परत येतात ते यामुळे. उपाय म्हणजे पुरवठादाराच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवणे, किंवा स्थिर पत्ता घेऊन त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) नीट करून घेणे. वेबसाइटवर लॉगिन करणाऱ्याला मात्र पीबीएलच्या आधारे कधीही अडवू नये. घरून येणारा जवळजवळ प्रत्येक प्रामाणिक ग्राहक तिच्यात असू शकतो.

आणखी दोन खड्डे ठरलेले आहेत. स्पॅमहाउसला सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारले तर १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर मिळू शकते. तो त्रुटी कळवणारा संदेश आहे, पत्ता यादीत असल्याची खूण नव्हे; पण ‘काहीही उत्तर आले की नाकारा’ असे सेटिंग असेल तर सगळेच मेल नाकारले जातात. दुसरा खड्डा बंद पडलेल्या याद्यांचा. ओआरडीबी ही अशीच एक यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक पत्त्याला ‘यादीत आहे’ असे उत्तर देणे सुरू केले, आणि ज्यांनी सेटिंग काढले नव्हते त्यांचे येणारे मेल थांबले.

‘कुठला’ या उत्तराचा पाया सर्वांत ठिसूळ आहे. पत्त्यात भूगोल नसतोच, तो बाहेरून अंदाजाने चिकटवलेला असतो. पत्त्यांची ठिकाणे पुरवणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीच्या माहितीसाठ्यात ‘अमेरिका, पुढे माहीत नाही’ अशा पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिला होता. तो पडला कॅन्ससमधल्या एका शेतावर. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका घराकडे बोट दाखवत होते, आणि वर्षानुवर्षे पोलीस व फसवले गेलेले लोक तिथे येऊन थडकत होते. २०१६ मध्ये हे उघड झाल्यावर बिंदू एका जलाशयात हलवला गेला. देश बहुतेक वेळा बरोबर येतो. शहर मोबाइल जोडणीत हमखास चुकते, पुण्याचा ग्राहक मुंबईत दिसतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये आयएएनएकडचा, म्हणजे नोंदणीसंस्थांना पत्ते देणाऱ्या जागतिक संस्थेकडचा, आयपीव्ही४ चा साठा संपला, एप्रिलमध्ये एपीएनआयसीही शेवटच्या पट्ट्यावर आली. मग सीजीनॅट पसरले, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.०/१० हा पट्टाही राखून ठेवला गेला. भारतातल्या मोबाइल जाळ्यांवर हे नेहमीचेच आहे, त्यामुळे एका पत्त्यावर बंदी घातली की निरपराध ग्राहकांचा घोळकाच बाहेर राहतो. आरएफसी ६३०२ ने २०११ मध्येच सांगितले होते की सर्व्हरने पत्त्याबरोबर सोर्स पोर्ट (त्या जोडणीचा पाठवणाऱ्याकडचा क्रमांक) आणि अचूक वेळही नोंदवावी. पोर्ट नसेल तर पुरवठादारालाही ग्राहक नेमका सांगता येत नाही. बहुतेक वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये पोर्ट लिहीत नाहीत, तो लॉग फॉरमॅटमध्ये मुद्दाम घालावा लागतो. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की भारतीय, हेही स्पष्ट लिहावे. साडेपाच तासांच्या फरकाने तोच पत्ता दुसऱ्याच घरात गेलेला असतो.

चुकीच्या जुळणीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरच्या छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या बदनामीकारक मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सेवापुरवठादाराने पत्ता चुकीच्या ग्राहकाशी जोडला होता. तो निर्दोष तरुण ५० दिवस येरवडा कारागृहात होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे एनटीपीने (जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवणे आणि लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक झाले, ते गरजेचेच होते.

आयपीव्ही४ नंतरच्या आयपीव्ही६ या पत्तापद्धतीत हिशोब उलटा होतो. तिथे एका जोडणीला साधारणपणे किमान अख्खा /६४ पट्टा मिळतो आणि उपकरण त्यातले पत्ते स्वतःच बदलत राहते. एकेक पत्ता अडवणे व्यर्थ ठरते, मोजणी आणि बंदी /६४ वर ठेवावी लागते.

राहिला ‘घरगुती’ या लेबलावरचा भरवसा. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ ही सेवा मोडून काढली. फुकट व्हीपीएन ॲपमधून घरातले संगणक ताब्यात घेऊन त्यांचे पत्ते ती भाड्याने देत असे: १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते, सुमारे २०० देशांत. अमेरिकेत बेरोजगार भत्त्याचे अंदाजे ५ लाख ६० हजार खोटे अर्ज अशा पत्त्यांवरून गेले. गुन्हेगाराला हव्या त्या भागातला पत्ता निवडता येई, आणि पत्त्यावर विसंबलेल्या तपासणीला तो शेजारचाच प्रामाणिक ग्राहक वाटे. अशा सेवांमुळे घरगुती पत्त्यावरून आलेल्या लॉगिनचेही उपकरण नवे आहे का, एकाच खात्याचे पत्ते तासाभरात किती बदलले, आणि त्याच पत्त्यावरून किती वेगवेगळी खाती उघडली, हे मोजणे भाग पडले आहे.