मावेल सगळं, पण लिहून कधी होणार?

एप्रिल २०१७मध्ये ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ मोहिमेतल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी काही रात्री मिळून निरीक्षणं केली. कृष्णविवराचं पहिलं चित्र मिळवायचं होतं. तेवढ्या रात्रींत साधारण पाच पेटाबाइट, म्हणजे पाच हजार टेराबाइट डेटा जमा झाला. आता हा सगळा एका जागी आणायचा कसा? सेकंदाला एक गिगाबिट वेगाची लाइन रात्रंदिवस चालू ठेवली असती तरी सव्वा वर्ष लागलं असतं. मग सरळ हार्ड डिस्का खोक्यांत भरल्या, त्यांचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास भरलं, आणि विमानाने त्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला आणि जर्मनीतल्या बॉनला पाठवल्या. दक्षिण ध्रुवावरची खोकी तर महिनोन्‌महिने तिथेच पडून राहिली, कारण तिथल्या हिवाळ्यात विमानं उतरतच नाहीत. चित्र जगासमोर आलं ते एप्रिल २०१९मध्ये.

‘एक ग्रॅम डीएनएत जगभरचा डेटा’, ‘काचेच्या तुकड्यात अख्खं ग्रंथालय’ असे मथळे अधूनमधून येत असतात. त्यात आकडा एकच असतो : किती मावतं. तो बहुतेक वेळा खराही असतो. पण तेवढा डेटा लिहायला किती वेळ लागेल आणि हवा तेव्हा परत काढायला किती, हे आकडे बातमीच्या तळाशी असतात किंवा नसतातच. माझ्या मते पुढच्या वीस-तीस वर्षांतली खरी झेप याच दोन आकड्यांत असणार आहे.

थोडा हिशेब करू. आयबीएमने १९५६मध्ये ‘रॅमॅक’ संगणकासाठी जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनभर आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आजच्या भाषेत जेमतेम पाच मेगाबाइट, म्हणजे मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. ती सेकंदाला ८,८०० अक्षरं वाचायची. म्हणजे हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, हलवण्यात जाणारा वेळ सोडला तर अख्खी डिस्क दहा मिनिटांत वाचून व्हायची. आज मोठ्या डेटा सेंटरांत ३० टेराबाइटची डिस्क मिळते. ती सेकंदाला २७०-२८० मेगाबाइट वाचते. सगळी वाचायला तीस तासांहून जास्त लागतात. क्षमता साठ लाख पटींनी वाढली, वेग तीसेक हजार पटींनी. कोठार वाढत गेलं, दार त्या मानाने रुंद झालंच नाही.

यामागे साधी भूमिती आहे. तबकडीवरच्या वर्तुळाकार मार्गावर बिट (डेटाचा सर्वांत लहान तुकडा, शून्य किंवा एक) दुप्पट दाटीने बसवले आणि असे मार्गही दुप्पट जवळ आणले, तर क्षमता चौपट होते. पण हेडखालून एका वेळी एकच मार्ग सरकतो, त्यामुळे वेग दुप्पटच होतो. क्षमता पृष्ठभागाच्या दोन्ही दिशांनी वाढते, वेग एकाच. डेटा सेंटर चालवणाऱ्यांना हे चांगलंच बोचतं. एक डिस्क गेली की तिच्यावरचा मजकूर इतर प्रतींवरून नव्या डिस्कवर भरावा लागतो आणि त्याला दिवस उलटतो. तेवढ्यात दुसरी गेली तर? म्हणून एकाच खोक्यात हेड हलवणाऱ्या दोन स्वतंत्र भुजा असलेल्या डिस्काही निघाल्या आहेत.

तरीही हार्ड डिस्क संपली असं मी म्हणणार नाही. गेली पंधरा-वीस वर्षं तिच्या निधनाच्या बातम्या येत आहेत आणि ती टुणटुणीत आहे. तबकडीवरचा एक बिट म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या धातूच्या कणांचा पुंजका. जास्त बिट बसवायचे तर कण लहान करावे लागतात. पण एका मर्यादेपलीकडे कण इतके चिमुकले होतात की नुसत्या खोलीतल्या उष्णतेनेही त्यांची चुंबकीय दिशा पालटते आणि लिहिलेलं आपोआप पुसलं जातं. मग दिशा सहज न सोडणारा हट्टी धातू वापरायचा, लोह आणि प्लॅटिनमचा मिश्रधातू. पण तो इतका हट्टी, की हेडच्या चुंबकत्वालाही दाद देत नाही. त्याच्यावर लिहायचं कसं?

यावरचा तोडगा म्हणजे नेमका तेवढाच ठिपका लिहिण्याच्या क्षणापुरता तापवायचा. त्यासाठी हेडवरच एक सूक्ष्म लेझर बसवलेला असतो. पण प्रकाशाची तरंगलांबी शेकडो नॅनोमीटर आणि तापवायचा ठिपका काही दहा नॅनोमीटरचा. साध्या भिंगाने प्रकाश इतका आकसत नाही. म्हणून सोन्याच्या एका सूक्ष्म टोकाकडून तो त्या ठिपक्यावर एकवटला जातो. ठिपका ४०० अंश सेल्सियसच्या वर जातो, धातू क्षणभर नरमतो, बिट लिहिला जातो आणि नॅनोसेकंदाच्या आसपास ठिपका थंड होऊन पुन्हा हट्टी होतो. हे सगळं मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवरून चालतं. सीगेट कंपनीने या तंत्राच्या ३० टेराबाइटच्या डिस्का २०२४मध्ये बाजारात आणल्या. त्यामागे वीसेक वर्षांची खटपट होती. कल्पना सुचणं आणि लाखो नग बिनचूक बनवणं यांच्यात एवढं अंतर असतं, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

मोबाइलमधल्या आणि एसएसडीमधल्या (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कमधल्या) फ्लॅश चिपने वेगळी वाट धरली. पृष्ठभाग पुरेना म्हणून ती उंच वाढू लागली. २०१३मध्ये सॅमसंगने २४ थरांची चिप आणली, आता ३००हून अधिक थरांच्या चिप तयार होतात. हजारो कप्पे एकाच वेळी वाचता येत असल्यामुळे वेगाचा प्रश्न इथे फारसा नाही. अडचण वेगळी आहे. कप्प्यात अडकवलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात. एका कप्प्यात चार बिट ठेवायचे म्हणजे विद्युतभाराच्या सोळा पातळ्या ओळखायच्या, आणि थोडी गळती झाली तरी पातळी बदलते. शंभर वर्षांसाठी काही ठेवून द्यायची ही जागा नव्हे.

लांबच्या मुक्कामाचा डेटा आजही मुख्यतः चुंबकीय टेपवर असतो. टेप कालबाह्य झाली असं समजणाऱ्यांना सांगायला हवं की ‘सर्न’ या युरोपातल्या भौतिकी प्रयोगशाळेतल्या कणांच्या टकरींचा डेटा टेपवरच जपला जातो. एलटीओ-९ जातीच्या काडतुसात किलोमीटरहून लांब फीत गुंडाळलेली असते आणि तिच्यावर १८ टेराबाइट बसतात. आयबीएम आणि फुजीफिल्मने २०२०मध्ये प्रयोगशाळेत जी घनता गाठून दाखवली, तिच्या हिशेबाने एका काडतुसात ५८० टेराबाइट बसू शकतात. शिवाय कपाटात पडून असलेल्या टेपला वीज लागत नाही. फक्त यंत्रांच्या पिढ्या बदलतात आणि नवं यंत्र फार जुनी टेप वाचत नाही. त्यामुळे ठरावीक वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवून घ्यावं लागतं.

आता स्वप्नांकडे वळू. १९५९मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये एक व्याख्यान दिलं. एका बिटला १२५ अणू दिले, तर जगातली सगळी पुस्तकं धुळीच्या कणाएवढ्या घनात मावतील, असा त्यांचा हिशेब होता. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात सँडर ओटे यांच्या गटाने २०१६मध्ये त्याहून पुढची मजल मारली. तांब्याच्या पृष्ठभागावर क्लोरीनचे अणू एकेक करून सरकवत त्यांनी एक किलोबाइटची स्मृती तयार केली आणि तीत फाइनमन यांच्या त्याच व्याख्यानातला उतारा लिहिला. घनता आजच्या हार्ड डिस्कच्या शेकडो पट. पण त्यासाठी तापमान उणे १९६ अंश आणि भोवती निर्वात पोकळी लागली, आणि अणू सरकवायला एक सुई. किती मावेल या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा प्रयोग अप्रतिम आहे. साठवणीचं साधन म्हणून त्याच्याकडे कोणी पाहू नये.

काचेची गोष्ट अधिक जमिनीवरची आहे. फेम्टोसेकंद लेझरच्या अतिशय छोट्या झटक्याने काचेच्या आत एक सूक्ष्म खूण उमटते. प्रकाश त्या खुणेतून कसा वळतो, त्याची दिशा आणि प्रमाण किती, यावरून एका खुणेत एकाहून अधिक बिट ठेवता येतात आणि काचेच्या जाडीत असे अनेक थर बसतात. साउदॅम्प्टन विद्यापीठात पीटर काझान्स्की यांच्या गटाने २०१३मध्ये अशा रीतीने ३०० किलोबाइटची फाइल लिहिली. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रोजेक्ट सिलिका’ने २०१९मध्ये ‘सुपरमॅन’ हा १९७८चा अख्खा चित्रपट साडेसात सेंटिमीटर बाजूच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या काचेवर उतरवला. हा डेटा सुमारे ७५ गिगाबाइटचा होता. काच उकळा, भाजा, चुंबकाने घासा, डेटा शाबूत. वाचणारं यंत्र म्हणजे मुळात सूक्ष्मदर्शक, त्याच्याकडे लिहिण्याची ताकदच नसते. म्हणजे एकदा लिहिलेलं चुकून किंवा कुणी मुद्दाम पुसायचा प्रश्नच उरत नाही. लिहिण्याचा वेग मात्र अजून टेपच्या मागे आहे, आणि तो वाढवायचा तर एकाच वेळी अनेक किरण चालवणं हाच मार्ग दिसतो. एकदा लिहून शतकानुशतकं ठेवायचं, क्वचित वाचायचं, अशा डेटासाठी काच पहिली येईल असं मला वाटतं.

डीएनएचा दावा सगळ्यात मोठा आहे. त्याची साखळी चार रासायनिक घटकांची, म्हणजे ‘अक्षरां’ची बनते आणि प्रत्येक अक्षर दोन बिट धरू शकतं. यानिव्ह एर्लिख आणि डिना झिएलिन्स्की यांनी २०१७मध्ये दाखवलेल्या पद्धतीने ग्रॅमभर डीएनएत २१५ पेटाबाइट बसतात. ग्रीनलँडच्या मातीतून वीस लाख वर्षांपूर्वीच्या डीएनएचे तुकडे वाचून झाले आहेत, तेव्हा थंड आणि कोरड्या जागी टिकण्याची चिंता नको. आणि हे वाचायची यंत्रं कधी मोडीत निघणार नाहीत, कारण वैद्यकाला ती लागतच राहणार. हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. बीबीसीने १९८६मध्ये ब्रिटनचं लोकजीवन टिपणारा एक मोठा संग्रह लेझरडिस्कवर काढला होता. वीस वर्षं व्हायच्या आतच त्या डिस्का वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि संग्रह वाचवायला संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याच्या ज्या जुन्या नोंदवहीवरून, ‘डूम्सडे बुक’वरून, त्याची कल्पना सुचली, ती १०८६ची चर्मपत्रं मात्र अजून वाचता येतात.

पण डीएनए लिहिणं? २०१९मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने माणसाचा हात न लागता डीएनएत लिहून परत वाचणारं यंत्र बनवलं. त्यात ‘हेलो’ हा शब्द घातला. पाच बाइट. लागले २१ तास.

नेहमीच्या रासायनिक पद्धतीत साखळीला एकेक अक्षर जोडलं जातं आणि प्रत्येक जोडणीला काही मिनिटं लागतात. दर जोडणी ९९.५ टक्के यशस्वी होते असं धरलं, तरी २०० अक्षरांच्या शेवटी जेमतेम ३७ टक्के साखळ्या पूर्ण निघतात. म्हणून मजकूर आखूड तुकड्यांत चिरायचा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा आणि चुका भरून काढायला जादा तुकडे घालायचे. आता रोज एक टेराबाइट लिहायचं ठरवू. त्यासाठी चार लाख कोटी अक्षरं हवीत, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार कोटी. एका जोडणीला तीन मिनिटं धरली, तर एकाच वेळी आठशे कोटींहून जास्त ठिपक्यांवर साखळ्या वाढत राहायला हव्यात. हे ऐकून हात टेकावेसे वाटतात, पण मायक्रोसॉफ्टच्या गटाने २०२१मध्ये चौरस सेंटिमीटरमागे अडीच कोटी ठिपके बसतील इतकी दाट चिप दाखवली होती. त्या हिशेबाने तीनशे-साडेतीनशे चौरस सेंटिमीटर पुरतात, मोठ्या ताटलीएवढी जागा. क्रमांकांची आणि जादा तुकड्यांची अक्षरं यात धरलेली नाहीत, आणि त्या चिपवरची चाचणीही अगदी छोटी होती. तरी आकडा आवाक्याबाहेरचा राहिलेला नाही.

जोडणी टाळण्याचाही एक विचार आहे. चीनमधल्या संशोधकांच्या गटाने २०२४मध्ये आधीच तयार असलेल्या डीएनएवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा उमटवून मजकूर लिहिला. एकेक अक्षर घडवण्याऐवजी तयार खिळे मांडून छापावं तसं. त्यात पावणेतीन लाख बिट लिहिले गेले, म्हणजे चौतीसेक किलोबाइट. फार थोडे. पण एका अभिक्रियेत एकदम शेकडो बिट उमटतात, ही दिशा मला अधिक घनतेच्या कुठल्याही विक्रमापेक्षा महत्त्वाची वाटते.

डीएनएची एक करामत मात्र आजच हातात आहे आणि ती दुसऱ्या कुठल्याच माध्यमात नाही. लिहून तयार झालेल्या संग्रहाच्या प्रती काढायला त्याच्यातलं एक अक्षरही वाचावं लागत नाही. रोगनिदानासाठी वापरतात तीच पीसीआर पद्धत लावायची. दर चक्रात प्रत्येक साखळी दुप्पट होते. वीस चक्रं, म्हणजे एक-दोन तास, की एकीच्या दहा लाखांहून जास्त साखळ्या. संग्रह एक मेगाबाइटचा असो की एक पेटाबाइटचा, चक्रांची संख्या तीच. काही साखळ्या इतरांपेक्षा पटापट वाढतात आणि प्रतीत काही तुकड्यांचा भरणा, काहींचा दुष्काळ होतो. सध्या या क्षेत्रातले बरेच अभियंते हा तोल सांभाळणारी कूटलेखनं शोधण्यात गुंतले आहेत.