सॉल्सबरी, लॉर्ड रॉबर्ट गॅस्कॉइन-सेसिल

(३ फेब्रुवारी १८३० – २२ ऑगस्ट १९०३). ब्रिटनचा हुजूर पक्षीय पंतप्रधान व परराष्ट्रमंत्री. सॉल्सबरीचा तिसरा मार्क्विस. जन्म हॅटफील्ड हाउस येथे, पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री विल्यम सेसिल याच्या वंशात. ईटनमध्ये मुलांनी इतका छळ केला, की पंधराव्या वर्षी त्याला घरी परत आणावे लागले. पुढे ऑक्सफर्डला शिकून १८५३ साली तो बिनविरोध कॉमन्स सभागृहात गेला. १८५७ मध्ये वडिलांची नाराजी पत्करून त्याने जॉर्जिना ऑल्डरसनशी लग्न केले. पैशांची ओढाताण होऊ लागल्याने उमरावाचा हा मुलगा नियतकालिकांत लेख लिहून संसाराला हातभार लावू लागला. त्याच्या लेखणीची धार स्वपक्षाचा नेता डिझरेली यालाही सोसावी लागली.

१८६६ मध्ये भारतमंत्री होताच ओरिसाचा दुष्काळ पुढ्यात आला. पहिले दोन महिने त्याने हालचाल केली नाही. तोवर पावसाळ्याने बंदरे बंद झाली. सुमारे दहा लाख माणसे दगावली. ही टोचणी त्याला जन्मभर राहिली. १८६७ मध्ये मताधिकार वाढवणाऱ्या विधेयकावरून त्याने राजीनामा दिला.

१८७४ मध्ये ज्या डिझरेलीवर त्याने तोंडसुख घेतले होते, त्याच्याच मंत्रिमंडळात तो पुन्हा भारतमंत्री झाला. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची पदच्युती (१८७५) आणि सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णय (१८७६) त्याच्याच काळातले. या निर्णयामुळे हिंदी उमेदवारांची वाट जवळजवळ बंद झाली व देशभर ओरड झाली. १८७५ च्या एका टिपणात त्याने लिहिले, की भारताचे रक्त काढायचेच असेल, तर जिथे ते साचले आहे तिथे नश्तर लावावे. रोख खरे तर खेड्यांवरचा शेतसाऱ्याचा भार कमी करण्याकडे होता. पण दादाभाई नौरोजींना संपत्तीच्या अपहाराची कबुलीच हाती लागली, आणि ती त्यांनी वारंवार पुढे केली. पुढे १८८८ मध्ये, ‘काळ्या माणसाला’ इंग्रज मतदारसंघ निवडून देईल असे वाटत नाही, हे सॉल्सबरीचे एडिंबरोमधील उद्गार गाजले. हा टोला दादाभाईंना होता, आणि त्यानेच त्यांना फुकटची प्रसिद्धी मिळवून दिली; १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून मोजक्या मतांनी निवडून आले.

१८८५ ते १९०२ या काळात तो तीनदा, एकूण तेराहून अधिक वर्षे पंतप्रधान होता आणि बहुतेक काळ परराष्ट्र खातेही त्याने स्वतःकडे ठेवले. लोकशाहीवर त्याचा विश्वास नव्हता. तरीही वाढलेल्या मतदारांच्या बळावर हुजूर पक्ष दीर्घकाळ सत्तेवर टिकला तो त्याच्याच नेतृत्वाखाली. लोकनियुक्त काउंटी मंडळे (१८८८) आणि मोफत प्राथमिक शिक्षण (१८९१) त्याच्याच सरकारने दिले. परराष्ट्र धोरणात कायमचे तह टाळून वेळ येईल तसा व्यवहार करणे त्याला पसंत होते. १८९८ मध्ये सुदानमधील फाशोडा येथे फ्रान्सशी युद्धाची वेळ आली, तेव्हा तो ठाम राहिला आणि फ्रान्सने माघार घेतली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाने (१८९९–१९०२) मात्र त्याच्या अखेरच्या काळावर सावट आणले.

घरी तो प्रयोगशाळेत रमे. हॅटफील्डमध्ये विजेचे दिवे लवकर आले. तारा पेटल्या, की घरची मंडळी उशा फेकून त्या विझवीत.

जुलै १९०२ मध्ये त्याने पद सोडले आणि भाचा आर्थर बॅल्फर पंतप्रधान झाला. ही घराणेशाही तेव्हाही टीकेचा विषय होती. मुलगा रॉबर्ट सेसिल याला राष्ट्रसंघासाठीच्या कार्याबद्दल १९३७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.