किशोरवयीन प्रजनन आरोग्य (बडोदा)

साधारणतः १० ते १९ या वयातील मुलामुलींचे लैंगिक व प्रजननविषयक आरोग्य आणि ते राखण्याचे उपाय. बडोद्यात (वडोदरा) हा विषय दवाखान्याच्या आधी कायद्यात आला, आणि तोही विवाहाच्या वयाच्या वाटेने.

तिसरे सयाजीराव गायकवाड (कार. १८७५–१९३९) यांच्या बालविवाह प्रतिबंधक निबंधाने (कायद्याने) मुलीला १२ व मुलाला १६ वर्षांची किमान मर्यादा घातली. त्याचे साल काही ग्रंथांत १९०१, तर काहींत १९०४ असे आढळते. १९०४ हेच ग्राह्य धरणे इष्ट. १९०१ हे साल परीक्षोपयोगी पुस्तकांतून एकावरून दुसऱ्यात उतरत आले असावे. म्हैसूरचा कायदा याआधीचा (१८९४), पण त्यात मुलीची मर्यादा अवघी ८ वर्षांची होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने लग्नाला हात न लावता शरीरसंबंधाचे वय तेवढे १० वरून १२ वर नेले. त्या वादात रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधारे सुधारणेची बाजू मांडली, तर टिळकांनी सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला. वादाचे मूळ न्हाण आल्यावरच्या विधींत होते : मुलीला मखरात बसवून ओटी भरत आणि लगोलग फलशोभन (पतिपत्नींच्या पहिल्या समागमाचा विधी) उरकण्याचा आग्रह धरीत. मराठी घरांत मखर मागे पडले. ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस बाजूला बसणे त्यानंतरही बराच काळ टिकले.

निबंधाची खरी कसोटी मात्र बडोदा संस्थानाच्या कडी प्रांतात (उत्तर गुजरात) लागली. तेथील कडवा पाटीदार या शेतकरी जातीत सुमारे दहा वर्षांतून एकदाच ऊंझ्याच्या उमियामातेच्या स्थानी लग्नतिथी निघे. तिथी हुकू नये म्हणून पाळण्यातली मुलेही बोहल्यावर चढत. वर न मिळाल्यास मुलीचे लग्न फुलांच्या गुच्छाशी लावून तो विहिरीत टाकीत. ती विधवा ठरे आणि पुढे तिला नात्राने (विधवेच्या साध्या पाटाच्या रीतीने) पुनर्विवाह करता येई. अशा ठिकाणी दंडाची रक्कम लग्नखर्चातच धरली जाई, असे सांगतात. १९२९ च्या शारदा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात १४ व १८ ही वये ठरविली. आज ती १८ व २१ आहेत.

वैद्यकीय बाजू थोडक्यात अशी : वाढ पुरी होण्याआधीच्या गरोदरपणात रक्तक्षय, झटके, अडलेले बाळंतपण आणि कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) प्रजनन आरोग्याबरोबर पोषण, मानसिक आरोग्य, व्यसने व हिंसा हेही विषय आहेत. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती जेवणानंतर द्यावी; रिकाम्या पोटी मळमळते आणि पुढची गोळी दप्तरात जाते. मुलग्यांच्या शंका बहुधा स्वप्नावस्थेपाशी (झोपेतील वीर्यस्खलनापाशी) घुटमळतात आणि त्यांचा फायदा भिंतीवरच्या जाहिराती उठवतात.

गोपनीयतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी कोणताही लैंगिक संबंध गुन्हा ठरतो व त्याची खबर देणे बंधनकारक असते. त्यामुळे मुली डॉक्टरकडे जायला कचरतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. पालकाची लेखी संमती मात्र अजूनही लागतेच.