ताप ‘लाभत’ नाही, मग सक्सेस ‘कॉज’ कसा होईल?

माझा भाचा सध्या नोकरीची तयारी करून राहिला आहे. परवा धरमपेठेत आमच्याकडे आला आणि तर्री-पोहे खाता खाता मोबाईलवर अर्ज दाखवला, त्यात होतं ‘माय टीचर्स कॉज्ड माय सक्सेस’. म्हटलं हे बदल. तर म्हणे, मामा, ग्रामर बरोबर आहे नं, आणि डिक्शनरीत कॉज म्हणजे घडवून आणणे असंच आहे! दोन्ही खरं आहे, तरी वाक्य खटकतं.

मराठीतच बघा नं. संकट ओढवतं, प्रमोशन ओढवत नाही. सहवास लाभतो, डेंग्यू लाभत नाही. हे शाळेत कोणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून कानात बसलं. इंग्रजीतला कॉज या ओढवण्याच्या वळणाचा. भाषाशास्त्रज्ञ मायकल स्टब्स यांनी १९९५ मध्ये इंग्रजी मजकुराच्या मोठ्या साठ्यात म्हणजे कॉर्पसमध्ये शोधलं तेव्हा कॉजच्या शेजारी ॲक्सिडेंट, डॅमेज, डेथ, प्रॉब्लेम यांचीच गर्दी निघाली, आणि प्रोव्हाइडच्या शेजारी हेल्प, सपोर्ट, केअर. शब्दाच्या अशा चांगल्या-वाईट संगतीच्या गुणाला सिमँटिक प्रॉसडी म्हणतात.

पण शेजार योगायोगाचा नाही हे कळतं कसं? समजा १० लाख शब्दांत कॉज २०० वेळा आला, डॅमेज १०० वेळा. कॉजच्या दोन्ही बाजूंचे चार-चार शब्द धरले तर २०० गुणिले ८ म्हणजे १६०० जागा झाल्या, आणि डॅमेज दर १० हजार शब्दांत एकदा येतो, म्हणजे नुसत्या योगायोगाने त्या जागांत तो सरासरी ०.१६ वेळा यावा, एकदासुद्धा नाही. प्रत्यक्षात २० वेळा सापडला तर प्रमाण सव्वाशे पट, त्याचा बेस दोनचा लॉगॅरिथम काढला, म्हणजे तो आकडा २ चा कितवा घात आहे ते बघितलं, की जवळपास ७ येतो, हाच म्युच्युअल इन्फर्मेशन स्कोअर. मला हे गणित फार सुंदर वाटतं, कानाला जे नुसतं खटकतं ते इथे आकड्यात दिसतं.

शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, हे इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्येच मांडलं होतं, आणि हे फर्थ आधी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याकडेही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात १९७८ च्या भारतीय इंग्रजी मजकुराचा १० लाख शब्दांचा कॉर्पस तयार झालाय. एवढं असताना ‘सात दिवसांत ५०० सिनॉनिम’वाले क्लास पोरांकडून पैसे घेऊन नुसत्या याद्या पाठ करून घेतात, याचा मला खरंच राग येतो.

सायन्सच्या पुस्तकात मात्र कॉज बराच तटस्थ असतो, चंद्राचं गुरुत्वाकर्षण भरती-ओहोटी कॉज करतं, त्यात वाईट काही नाही. भाच्याने तेच धरून थोडा वाद घातला, आणि मग लिहिलं, ‘आय ओ माय सक्सेस टू माय टीचर्स’.