खोटा दावा किती पायऱ्या चढू शकतो? पुराव्यावर आधारलेल्या प्रोत्साहनांची पार्श्वभूमी

प्रोत्साहनांच्या सिद्धांतात, म्हणजे लोक खरं सांगतील असे नियम कसे आखावेत याच्या अर्थशास्त्रीय अभ्यासात, सुरुवातीला माणूस स्वतःबद्दल काहीही सांगू शकतो, असंच बहुधा धरलेलं असे. दाव्यामागचा कागद तपासता येत असेल तर हिशेब बदलतो.

१९८१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रॉम यांनी वेगवेगळ्या लेखांत त्याचं पहिलं रूप मांडलं. मालाची प्रत ० ते १०० मध्ये सारखी विखुरलेली धरा. गप्प बसणाऱ्या विक्रेत्याचा माल ग्राहक सरासरी, म्हणजे ५० चा मानतो, म्हणून ५० वरचे सगळे प्रमाणपत्र दाखवतात. उरलेल्यांची सरासरी २५ होते, मग त्यावरचे पुढे येतात. शेवटी गप्प बसणारा म्हणजे सर्वात हलक्या मालाचा, असंच ठरतं. प्रमाणपत्र दाखवायच्या सक्तीची गरजच पडत नाही.

पण काहींकडे प्रमाणपत्र नसतंच, हे रोनाल्ड डाय यांनी १९८५ मध्ये हिशेबात घेतलं. निम्म्यांकडे ते नसेल तर ही साखळी ४१ च्या आसपास थांबते. त्याखालचे प्रमाणपत्र दडवून त्या निम्म्यांत मिसळतात. कागद मिळवणं जितकं अवघड, तितकी लपायला जागा जास्त.

खरा धक्का १९८६ चा, जेरी ग्रीन आणि जाँ-जाक लाफाँ यांचा. समजा उद्योग लहान, मध्यम, मोठे आहेत आणि कागदांच्या आधारे कुणालाही फार तर एक पायरी वरचा दावा करता येतो. अनुदान मध्यम आणि मोठ्यांना द्यायचंय. 'मध्यम' या दाव्यावर पैसे दिले तर लहानही तोच दावा करतील. फक्त 'मोठा' या दाव्यावर दिले, तर मध्यम खोटं बोलून घेतात, मोठे खरं बोलून, आणि लहानांना दोन पायऱ्या चढता येत नाहीत. वाटप अचूक झालं, पण मध्यमांना खोटं बोलू दिल्यामुळेच. प्रत्येकाला खरं बोलायला लावणारी योजना शोधली की पुरे, हा सिद्धांताचा जुना भरवसा इथे तुटतो. लहानांनाही 'मोठा' म्हणता आलं असतं, तर तो टिकला असता.

जेसी बुल आणि जोएल वॉटसन यांनी २००७ मध्ये यातला व्यावहारिक मुद्दा नेमका केला: आपल्याकडचे सगळे पुरावे एकदम देता आले, तर खरं बोलण्याची योजना पुरते. 'कोणताही एक पुरावा जोडा' म्हटलं की दोन कागद असलेला आणि एकच असलेला सारखेच दिसतात. एकच कागद तपासणं शक्य असेल, तर आधी दावा लिहून घ्यावा आणि मग चिठ्ठी टाकून दोहोंपैकी एक कागद मागावा. एकच कागद असून दोनचा दावा करणारा निम्म्या वेळा सापडतो. मात्र १०,००० रुपयांच्या अनुदानावर दंड १०,००० पेक्षा जास्त हवा, नाहीतर खोटा दावा तोट्याचा ठरत नाही.