पितळी पुंगळी किती वेळा भरता येते?

ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत पावसाळा आला की काडतुसं तडकायची. तबेल्यांत ठेवलेल्या पेट्या उघडल्या, की एकदाही न वापरलेल्या पितळी पुंगळ्यांवर, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या नळकांड्यांवर, चिरा दिसायच्या. ऋतू बघून येणारं दुखणं, म्हणून त्याचं नावच पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. त्याचा उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. घोड्यांच्या मुतातला युरिया कुजला की अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि धातूच्या कणांच्या सीमेवरून आत पोखरत जातो. पण एवढ्यानं पितळ तडकत नाही. पुंगळी ठोकून-ओढून घडवताना धातूत ताण कोंडून राहिलेला असतो. पोखरलेल्या जागेतून तो वाट काढतो आणि चीर पडते. घडवून झाल्यावर पुंगळी मंद आचेवर तापवली की हा ताण बराचसा निघून जातो.

या जुन्या धड्याची आज सगळ्यात जास्त गरज आहे ती लष्करातून निवृत्त झालेल्या रायफली जपणाऱ्यांना. ली-एनफिल्ड, म्हणजे आपली ‘थ्री-नॉट-थ्री’, सुमारे १ कोटी ७० लाख बनल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकावरच्या पोलिसांच्या हातातही तीच होती. भारतात हा बोअर, म्हणजे नळीचं हे माप, सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात मात्र अशा रायफली रीतसर परवानगीनं लोकांकडे आहेत आणि शूटिंग रेंजवर चालवल्याही जातात. पूर्वी त्यांना लष्कराचा जुना दारूगोळा स्वस्तात मिळे. तो साठा आटत गेला आणि नवं काडतूस महाग. म्हणून ही मंडळी झाडलेल्या पुंगळ्या वेचून पुन्हा भरतात. हिशोब सरळ आहे. दारू जळते, गोळी निघून जाते, बुडाशी बसवलेली ठिणगीची टोपी, म्हणजे प्रायमर, एकदाच चालतो. मागे उरते ती पुंगळी, आणि काडतुसात सगळ्यात महाग तीच. ती जितके फेरे टिकेल तितकी बचत.

पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं. बार उडतो त्या क्षणी वायूच्या दाबानं ती फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आक्रसते, म्हणून सहज बाहेर निघते. फुगणं आणि परत आक्रसणं हे दोन्ही गुण पितळेत इतके जमून आलेत, की दीडशे वर्षं झाली तरी त्याची जागा दुसऱ्या धातूला पुरती घेता आलेली नाही.

थ्री-नॉट-थ्रीत मात्र पुंगळीची ओढाताण जास्त होते. चिखल-मातीतही काडतूस अडकू नये म्हणून लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असतं. बार उडाला की पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटून बसतो आणि जाड बूड मागे, चेंबर बंद करणाऱ्या बोल्टकडे सरकतं. या दोन्हींच्या मधलं, बुडाच्या जरा वरचं पितळ ताणून पातळ होतं. त्यात ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूनं अडकतो, त्यामुळे दाबाखाली रायफलही थोडी लवचते. पुन्हा भरताना पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाची केली, की पुढच्या बाराला ती पुन्हा तेवढीच ताणणार. काही फेऱ्यांनी बूड चेंबरमध्येच धडापासून वेगळं होतं. याला उतारा म्हणजे पुंगळी एकाच रायफलीसाठी राखायची आणि फक्त तिची मान, म्हणजे गोळी धरणारं अरुंद तोंड, मापात आणायची. बाकीचा भाग त्या चेंबरच्या अंगचा होऊन राहतो आणि ताण कमी पडतो.

जाणकार भरण्याआधी एक परीक्षा करतात, ती मला फार आवडते. बारीक तार घ्यायची, टोक काटकोनात वाकवायचं आणि ते पुंगळीत उतरवून आतल्या भिंतीवरून हलकेच वर ओढायचं. बुडाच्या जरा वर टोक खाचेत अडकलं, की ती पुंगळी भंगारात. बाहेरून पितळ लखलखीत दिसत असतं, पण आत ते कागदासारखं झालेलं असतं आणि बोटांना ते तारेतून कळतं.

मानेचं दुखणं वेगळं. दर वेळी फुगून-दाबून तिथलं पितळ कडक आणि ठिसूळ होतं. पुण्याच्या तांबट आळीत हे कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. भांडं ठोकत गेलं की तांबं ताठरतं, मग ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं. पुंगळीची फक्त मान अशीच तापवतात. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर झाक त्याच आचेची. बूड मात्र कधीही तापवायचं नाही, कारण दाब पेलायला तिथे कडकपणाच हवा. आणि पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशनं कधीच घासायच्या नाहीत. तबेल्यातलं दुखणं तिथे परत येतं.

जुनी लष्करी काडतुसं तशीच वापरणाऱ्यांची अडचण निराळी. त्या काळच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाचाच भाऊ. ते नळीत बसून हवेतली ओल ओढतं आणि पोलाद गंजतं. तेलात हे मीठ विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल पुसून काही साधत नाही. ब्रिटिश शिपाई म्हणूनच नळीत फनेल लावून उकळतं पाणी ओतायचा. मीठ वाहून जाई, तापलेली नळी आपोआप वाळे, आणि तेलाचा हात फिरायचा तो त्यानंतर.